फील्ड मार्शल विल्यम स्लिम आणि ब्रह्मदेशची मोहीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील सेनापती म्हटले की रोमेल, मॉन्टगोमेरी, पॅटन ही नावे पटकन ओठांवर येतात. ब्रह्मदेशात (आजचा म्यानमार) जपानशी लढलेल्या ज्या चौदाव्या सेनेत भारतीय जवान बहुसंख्य होते, तिचे ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिम यांचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. पुढील प्रश्न स्लिम यांच्या युद्धकाळातील कारकिर्दीवर नेहमी विचारले जातात. लढायांच्या वर्णनापेक्षा सेनापतीचे रोजचे काम काय असते, यावर येथे भर दिला आहे, कारण स्लिम यांचे मोठेपण तिथेच दिसते.

स्लिम सैन्यात आले कसे? ते लष्करी घराण्यातले होते का?

नाही. जन्म ६ ऑगस्ट १८९१, ब्रिस्टल. वडिलांचा लोखंडी सामानाचा घाऊक व्यापार होता, आणि तो नीट चालला नाही. स्लिम यांनी बर्मिंगहॅममध्ये प्राथमिक शाळेत शिकवले, मग धातूच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी केली. सँडहर्स्टच्या लष्करी अधिकारी विद्यालयात जाण्याइतका पैसा घरात नव्हता. १९१२ मध्ये ते बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अधिकारी प्रशिक्षण दलात शिरले आणि ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमध्ये हंगामी सेकंड लेफ्टनंट झाले. १९१५ मध्ये गॅलिपोलीत आणि १९१७ मध्ये मेसोपोटेमियात ते जखमी झाले. मेसोपोटेमियातल्या कामगिरीसाठीच त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले.

युद्धानंतर त्यांनी भारतीय सेनेत बदली करून घेतली आणि १९२० मध्ये सहाव्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या पलटणीत दाखल झाले. निवड व्यवहारी होती. ब्रिटिश सेनेतील अधिकाऱ्याला घरचा पैसा लागत असे, भारतीय सेनेत पगारावर भागत असे. क्वेट्टाचे स्टाफ कॉलेज, नंतर कँबर्ली येथे शिक्षकाचे काम, असा त्यांचा शांतताकाळ गेला. पगाराला जोड म्हणून ते टोपणनावाने कथाही लिहीत.

१९३९ मध्ये ब्रिगेडियर आणि १९४२ मध्ये कोअर कमांडर, इतक्या वेगाने बढती कशी मिळाली?

शांततेच्या काळात बढती खूपच हळू होती. स्लिम यांना पलटणीची कमान १९३८ मध्ये मिळाली, तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. युद्ध सुरू झाले की सैन्य दुपटी-चौपटीने वाढते, नव्या ब्रिगेड (साधारण तीन पलटणी), डिव्हिजन (साधारण तीन ब्रिगेड) आणि कोअर (दोन-तीन डिव्हिजन) उभ्या राहतात आणि त्यांना कमांडर लागतात. म्हणून हुद्दे अनेक पातळ्यांवर दिले जातात. कायम हुद्दा वेगळा, युद्धापुरता पक्का केलेला वेगळा, तात्पुरता वेगळा आणि केवळ नेमणुकीपुरता कार्यवाहक हुद्दा वेगळा. खांद्यावर लेफ्टनंट जनरलची चिन्हे असलेला माणूस कायम यादीत कित्येक पायऱ्या खाली असू शकत असे, आणि कमान गेली तर चिन्हेही जात.

युद्धकाळातील कोणत्याही सेनापतीची कारकीर्द वाचताना तारखेसमोरचा हुद्दा यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहावे. दोन ठिकाणी दोन तारखा दिसतात तेव्हा बहुतेक वेळा चूक कोणाचीच नसते. एकाने कार्यवाहक हुद्द्याची तारीख दिलेली असते, दुसऱ्याने कायम हुद्द्याची.

गॅलाबॅटला नेमके काय चुकले?

नोव्हेंबर १९४०, सुदान आणि तेव्हा इटलीच्या ताब्यात असलेल्या अ‍ॅबिसिनियाची (आजचा इथिओपिया) सीमा. स्लिम यांच्याकडे दहावी भारतीय ब्रिगेड होती आणि मदतीला मोजके बारा रणगाडे. ६ नोव्हेंबरला गॅलाबॅटचा किल्ला हाती आला. पण सुरुंगांनी आणि खडकाळ जमिनीने बहुतेक रणगाड्यांचे पट्टे तुटले, दुरुस्ती पथक हवाई हल्ल्यात सापडले आणि इटालियन विमानांच्या माऱ्याखाली एका पलटणीचा धीर सुटला. कोरड्या ओढ्यापलीकडचे मेटेम्मा घेण्यासाठी पुन्हा चाल करायची की मागे सरायचे, हे दोन पर्याय होते. स्लिम यांनी मागे सरण्याचा सावध पर्याय निवडला. शत्रूही त्या वेळी मोडकळीला आला होता, हे नंतर कळले.

दोष त्यांनी कोणावर ढकलला नाही. दोन पर्याय सारखेच शक्य दिसत असतील तर धाडसी पर्याय घ्यावा, हा धडा त्यांनी तिथे घेतला. चार वर्षांनी ब्रह्मदेशात इरावतीच्या काठी तो उपयोगी पडला.

पुढे जानेवारी १९४१ मध्ये एरिट्रियात विमानातून झालेल्या गोळीबारात ते जखमी झाले. बरे होताच त्यांना दहावी भारतीय डिव्हिजन मिळाली आणि त्या वर्षी त्यांनी इराक, सीरिया आणि इराण अशा तीन देशांत तिचे नेतृत्व केले.

१९४२ ची माघार ही हार होती, मग तिला इतके महत्त्व का?

ती हारच होती. मार्च १९४२ मध्ये स्लिम बर्मा कोअरची कमान घ्यायला ब्रह्मदेशात पोहोचले तेव्हा रंगून आधीच पडले होते, म्हणजे समुद्रमार्गे रसद आणि कुमक दोन्ही बंद. हाताशी पहिली बर्मा डिव्हिजन, सतरावी भारतीय डिव्हिजन आणि सातवी आर्मर्ड ब्रिगेड होती. १५ एप्रिलला येनानजाँगचे तेलसाठे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून पेटवावे लागले. तिथे कोंडीत सापडलेल्या बर्मा डिव्हिजनला बाहेर काढण्यात जनरल सुन ली-जेन यांच्या चिनी अडतिसाव्या डिव्हिजनची मोठी मदत झाली. ३० एप्रिलच्या मध्यरात्री इरावतीवरचा आवा पूल उडवला. चिंडविनच्या काठी श्वेजिनला रणगाडे नदीपार नेता येईनात, म्हणून ते मोडून तिथेच टाकले. सुमारे ९०० मैलांची ही पायपीट मे महिन्यात, ऐन पावसाच्या तोंडावर, इम्फाळला संपली.

महत्त्व यासाठी की फौजेची फौज म्हणून ओळख शिल्लक राहिली. सर्वात शेवटी आलेल्या तुकड्यांचे कपडे फाटले होते, माणसे हाडकुळी झाली होती, पण रायफली खांद्यावर होत्या आणि तुकड्या आपापल्या अधिकाऱ्यांच्या मागे चालत होत्या. माघार घेताना सैन्य आधी रसदीने मोडते, मग अफवांनी, आणि शेवटी शत्रूने. पहिल्या दोन गोष्टी सेनापतीला काही प्रमाणात आवरता येतात.

हरलेल्या सेनापतीला काढून का टाकले नाही?

तशी वेळ आली होती. १९४२ च्या अखेरीस आराकानमध्ये, म्हणजे ब्रह्मदेशच्या पश्चिम किनारपट्टीवर, पहिली चढाई सुरू झाली, तेव्हा स्लिम यांच्या पंधराव्या कोअरला बाजूला ठेवून त्यांचे वरिष्ठ जनरल नोएल अर्विन यांनी लढाई थेट आपल्या मुख्यालयातून चालवली. चौदाव्या डिव्हिजनकडे एका वेळी नऊ ब्रिगेड जमल्या. एक डिव्हिजन मुख्यालय साधारण तीन ब्रिगेड सांभाळण्यासाठी बांधलेले असते. नऊ झाल्यावर संदेश तुंबतात, शिधा चुकीच्या ठिकाणी जातो आणि आपली कोणती पलटण कुठे आहे हेच कळेनासे होते. चढाई फसल्यावर एप्रिल १९४३ मध्ये कमान स्लिम यांच्याकडे आली. तेव्हा माघारीशिवाय पर्याय उरला नव्हता. अर्विन यांनी स्लिम यांना हटवण्याचा प्रयत्न केला, पण वरून निर्णय आला तो अर्विन यांनाच हटवण्याचा. त्यांच्या जागी जनरल जॉर्ज गिफर्ड आले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या चौदाव्या सेनेची सूत्रे स्लिम यांना मिळाली.

प्रशिक्षणात त्यांनी काय बदलले?

जपानी फौजेची पद्धत ठरलेली होती. समोरून दाबायचे, जंगलातून वळसा घालून पाठीमागे रस्ता अडवायचा आणि समोरचा घाबरून मागे पळाला की त्याला कापायचे. स्लिम यांनी सांगितले की शत्रू मागे आला तर वेढला गेलेला तो आहे, आपण नव्हे. रस्ता तुटला तरी जागा सोडायची नाही, शिधा आणि दारूगोळा आकाशातून येईल. कारकून, स्वयंपाकी, चालक, दवाखान्यातले लोक, सर्वांनी शस्त्र चालवायला शिकायचे. गस्त हे रोजचे काम. रणगाडे वापरायचे तर जास्तीत जास्त संख्येने.

धीर परत आणण्यासाठी सुरुवातीच्या चकमकी मुद्दाम विषम ठेवल्या जात. जपानी कंपनीवर अख्खी ब्रिगेड, तीस-चाळीस जणांच्या प्लाटूनवर अख्खी पलटण. यावर टीका झाली. पण पहिली लढाई जिंकलेला जवान दुसऱ्या लढाईत वेगळ्या चालीने जातो, आणि हे नव्या पलटणींना तयार करण्याचे सर्वात स्वस्त साधन आहे.

मलेरियाचा प्रश्न खरोखर इतका मोठा होता का?

शत्रूपेक्षाही मोठा. १९४३ मध्ये एका जखमी माणसामागे १२० आजारी माणसे मागे न्यावी लागत होती. मलेरियाचे वार्षिक प्रमाण एकूण संख्याबळाच्या ८४ टक्के होते. हिवताप, आमांश, स्क्रब टायफस, कातडीचे रोग. हे असेच चालू राहिले असते तर काही महिन्यांत लढायला माणूसच उरला नसता.

उपाय चार पातळ्यांवर झाले. पहिला, आजाऱ्याला शेकडो मैल मागे भारतात पाठवण्याऐवजी आघाडीपासून काही मैलांवर मलेरिया उपचार केंद्रे उघडली. आधी पाच-पाच महिने अडकून पडणारा माणूस आता सुमारे तीन आठवड्यांत पलटणीत परतू लागला. दुसरा, गंभीर जखमींना विमानाने हलवणे. तिसरा, शस्त्रक्रियेची पथके थेट पुढे नेणे. चौथा, मेपाक्रिन या मलेरियाविरोधी औषधाची रोजची गोळी.

घोडे अडले ते गोळीवर. कातडी पिवळी पडते, आणि तिने पुरुषत्व जाते अशी अफवा पसरली होती, त्यामुळे जवान गोळी तोंडात धरून नंतर थुंकून टाकत. स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या. संपूर्ण तुकडीची चाचणी घ्यायची, आणि ९५ टक्क्यांहून कमी लोकांच्या शरीरात औषध सापडले तर कमांडिंग ऑफिसर घरी. असे तीन अधिकारी गेले आणि बाकीच्यांना योग्य तो अर्थ कळला. बाह्या खाली, पूर्ण विजार, सूर्यास्तानंतर उघडे अंग नाही, हे नियमही तितक्याच कडकपणे पाळले गेले. १९४५ पर्यंत रोज आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण हजारी एकावर आले.

डॉक्टर औषध देऊ शकतो. ते पोटात जाते की नाही हे पाहणे पलटणीच्या अधिकाऱ्याचे काम आहे. हा भेद ज्या सेनापतीला समजला नाही त्याची फौज दवाखान्यात गेली.

रसद पोहोचत कशी होती?

मार्ग असा: कलकत्त्याहून रुंद मापाची रेल्वे, मग माल उतरवून मीटर मापाच्या गाडीत, ब्रह्मपुत्रेवर पूल नसल्याने डबे होडग्यांवरून नदीपार, पुढे दिमापूर, तिथून डोंगरी रस्त्याने ट्रक. दिमापूरपासून कोहिमा ४६ मैल, इम्फाळ सुमारे १३० मैल. ही रेल्वे चहाच्या मळ्यांसाठी बांधलेली होती, पाच लाखांच्या फौजेसाठी नव्हे. मार्च १९४४ पासून महत्त्वाच्या पट्ट्यात अमेरिकन रेल्वे तुकड्यांनी गाड्या चालवायला घेतल्यावर वाहतूक झपाट्याने वाढली.

पॅराशूट कमी पडू लागले. युरोपला प्राधान्य होते, इथे मागणी केली तरी येत नसत. तेव्हा बंगालच्या ताग गिरण्यांकडून तागाचे पॅराशूट करून घेतले. माणसासाठी ते चालले नसते, पण पोत्यासाठी चालत होते. नेहमीच्या पॅराशूटला २० पौंडांहून अधिक खर्च येई, तागाच्या पॅराशूटला एक पौंडापेक्षा थोडाच जास्त. रस्त्यांसाठी खडी नव्हती, म्हणून तागाच्या लांब पट्ट्या डांबरात भिजवून त्या सपाट केलेल्या जमिनीवर एकमेकींवर किंचित चढवून अंथरल्या. पाणी आत मुरेनासे झाले आणि पावसातही ट्रक चालू राहिले. पट्टीला भोक पडले आणि ते वेळेवर बुजवले नाही तर खालची माती चिखल होऊन सगळा तुकडा वाहून जाई, म्हणून अशा रस्त्यावर सतत देखरेख लागे.

कलेवाला चिंडविनवर डिसेंबर १९४४ मध्ये बांधलेला बेली पूल (तयार पोलादी भाग जोडून उभारायचा पूल) १,१५४ फूट लांब होता, त्या वेळचा जगातला सर्वात लांब. तिथेच सागाच्या लाकडाच्या बोटी बांधून नदीमार्गही सुरू केला.

या सगळ्यामागे मेजर जनरल अल्फ स्नेलिंग होते, चौदाव्या सेनेचे प्रशासनप्रमुख. फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानात सातवी डिव्हिजन वेढली गेली, तेव्हा तिच्यासाठी शिधा, दारूगोळा, इंधन, औषधे आधीच बांधून विमानतळावर ठेवलेली होती. हुकूम मिळाल्याबरोबर विमाने उडाली. वेढा तीन आठवडे टिकला आणि जपानी फौजेलाच उपाशी परतावे लागले. त्या विजयाचे श्रेय गोदामात रात्री गठ्ठे बांधणाऱ्यांना द्यायलाच हवे.

इम्फाळच्या लढाईत स्लिम चुकले होते का?

दोनदा, आणि ते त्यांनी स्वतः मान्य केले.

योजना चांगली होती. जपानी पंधरावी सेना चिंडविन ओलांडून येणार हे कळले होते. पुढे जाऊन लढण्याऐवजी पुढच्या डिव्हिजन इम्फाळच्या सपाटीवर मागे घ्यायच्या. मग शत्रूची रसद डोंगरांतून यावी लागेल आणि आपली मागे हाताशी असेल. अडचण होती ती वेळेची. लवकर मागे आले तर जवानांचा धीर खचतो, उशीर झाला तर वाट तुटते. टिड्डिमला असलेल्या सतराव्या डिव्हिजनला निघायचा हुकूम १३ मार्च १९४४ ला मिळाला, तोवर जपानी तुकड्या तिच्या मागे रस्त्यावर येऊन बसल्या होत्या. तिला सोडवायला राखीव ब्रिगेड खर्ची पडल्या आणि इम्फाळ उघडे पडू लागले.

दुसरी चूक कोहिमाची. त्या वाटेने फार तर एक जपानी रेजिमेंट (साधारण ब्रिगेडएवढी फौज) येईल असा अंदाज होता. आली अख्खी एकतिसावी डिव्हिजन.

चूक निस्तरली ती विमानांनी. आराकानात लढत असलेली पाचवी भारतीय डिव्हिजन तोफा, खेचरे आणि जीपगाड्यांसह उचलून मार्चच्या उत्तरार्धात इम्फाळ-दिमापूरला आणली. यासाठी चीनकडे जाणारी अमेरिकन विमाने आग्नेय आशियातील मित्रराष्ट्रांचे सर्वोच्च सेनापती माउंटबॅटन यांनी आपल्या जबाबदारीवर वळवली. वेढ्याच्या काळात सुमारे १९,००० टन सामान आणि १२,००० माणसे आत आणली गेली. बाहेर काढली ती १३,००० जखमी-आजारी आणि न लढणारी ४३,००० माणसे. शेवटचा आकडा लक्षात घ्या. एक न लढणारे तोंड कमी झाले की तितका शिधा लढणाऱ्याला मिळतो.

२२ जूनला १०९ व्या मैलाच्या दगडाजवळ कोहिमाकडून आणि इम्फाळकडून येणाऱ्या आपल्या फौजा भेटल्या आणि रस्ता मोकळा झाला. जपानी पंधराव्या सेनेच्या सुमारे ८५,००० माणसांपैकी निम्म्याहून अधिक मेली, जखमी झाली वा आजाराने निकामी झाली. तिचे सेनापती जनरल मुतागुची यांनी इम्फाळची गोदामे हाती येतील या भरवशावर जेमतेम काही आठवड्यांचाच शिधा बरोबर दिला होता. गोदामे मिळाली नाहीत.

या लढाईत मराठा पलटण होती का?

होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण सांगशाकला पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढली. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात, २६ तारखेच्या रात्रीपर्यंत. टेकडीचा माथा खडकाळ होता, मोर्चे तीन फुटांपेक्षा खोल खणता येईनात. काटेरी तार नव्हती. पाणी जेमतेम. विमानातून टाकलेल्या सामानापैकी बरेचसे शत्रूच्या हद्दीत पडले. तरी कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकड्या तिथे सहा दिवस अडकल्या, आणि कोहिमात शिबंदी जमवायला तेवढे दिवस मिळाले. या लढाईची दखल अनेक वर्षे पुरेशी घेतली गेली नाही. मराठी वाचकाने ती आवर्जून घ्यावी.

मुख्यालयाचे काम ते कसे चालवत?

हुकूमनामा स्टाफ तयार करी, पण त्यातला ‘उद्देश’ हा परिच्छेद स्लिम स्वतः लिहीत. सहसा तो सर्वात छोटा असे. लढाईत सगळी योजना विस्कटली तरी खालच्या कमांडरला सेनापतीला नेमके काय हवे होते हे त्यातून कळावे, हा हेतू.

रात्री ठरलेल्या वेळी ते झोपत, आणि दुसऱ्या कोणालाच न सुटणारे संकट असल्याशिवाय उठवायचे नाही असा नियम होता. थकलेला सेनापती चुकीचे निर्णय घेतो, आणि त्याची किंमत इतर लोक देतात. पुढच्या तुकड्यांना अर्धा शिधा मिळू लागला की मुख्यालयातही अर्धा शिधा. अधिकाऱ्यांच्या भूक लागलेल्या पोटांमुळे रसद खात्याचे काम भराभर होई, असा त्यांचा अनुभव होता. जवानांशी ते उर्दू आणि गुरखालीत बोलत.

मेकतिलाची चाल नेमकी काय होती?

मूळ बेत इरावतीच्या अलीकडे, श्वेबोच्या मैदानात जपानी फौजेला गाठण्याचा होता. डिसेंबर १९४४ च्या मध्यास कळले की जपानी सेनापती जनरल किमुरा नदीपलीकडे सरकत आहेत. स्लिम यांनी काही दिवसांत बेत बदलला. तेहतिसाव्या कोअरने मंडालेच्या बाजूला गाजावाजा करून नदी ओलांडायची. चौथ्या कोअरने गंगाव खोऱ्यातून गुपचूप दक्षिणेला जाऊन पकोक्कूजवळ उतरायचे आणि थेट मेकतिलावर झडप घालायची. मेकतिलात जपानी गोदामे, विमानतळ, रेल्वे आणि रस्त्यांचा नाका होता. ते गेले की मंडालेची फौज आपोआप उपाशी.

चौथ्या कोअरने रेडिओ बंद ठेवला. त्याच्या जुन्या ठिकाणी एक खोटे मुख्यालय संदेश पाठवत राहिले. मंडाले भागातील खऱ्या तुकड्यांचे काही संदेशही त्या खोट्या मुख्यालयातून फिरवले जात, त्यामुळे फसवणूक पटली. १४ फेब्रुवारी १९४५ ला न्यांगूजवळ सातव्या डिव्हिजनने नदी ओलांडली. पहिल्या लाटेचा गोंधळ उडाला, बोटींची इंजिने बंद पडली, प्रवाहाने बोटी भलतीकडे नेल्या, पण दिवसअखेर पैलतीरावर पाय रोवले गेले. ट्रक आणि रणगाड्यांवरून निघालेल्या सतराव्या डिव्हिजनने ३ मार्चपर्यंत मेकतिला घेतले. मंडाले २० मार्चला पडले.

जोखीम कोठे होती? विमानांत. डकोटा हे मालवाहू विमान सुमारे २५० मैलांपर्यंतच किफायतशीर माल नेते, त्यापुढे इंधनच जागा खाते. १० डिसेंबरला तर ७५ अमेरिकन विमाने अचानक चीनकडे गेली. त्यांत भरलेला चौदाव्या सेनेचा माल धावपट्टीवर उतरवून ठेवला होता. म्हणून किनाऱ्यावरची अक्याब आणि रामरी ही बेटे जानेवारी-फेब्रुवारीत घेतली जाणे निर्णायक ठरले. तिथल्या धावपट्ट्यांवरूनच पुढची फौज जगली. रंगून मे १९४५ च्या पहिल्या आठवड्यात हाती आले.

जिंकल्यावर त्यांना पदावरून दूर का करण्यात येणार होते?

रंगूननंतर काही दिवसांतच त्यांचे वरिष्ठ, आग्नेय आशियातील मित्रराष्ट्रांच्या भूदलाचे प्रमुख जनरल ऑलिव्हर लीस यांनी स्लिम यांना सांगितले की मलायाच्या मोहिमेसाठी चौदावी सेना दुसऱ्याकडे जाईल आणि तुम्ही ब्रह्मदेशात उरलेले काम पाहा. स्लिम यांनी ती नेमणूक नाकारली व निवृत्तीची तयारी दाखवली. बातमी फुटताच सेनेत संताप उसळला. लंडनमधून निर्णय फिरवला गेला, लीस यांनाच जावे लागले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांच्याच जागी स्लिम आले. वाट पाहण्याच्या त्या दिवसांत स्लिम यांनी अधिकाऱ्यांना आंदोलन करू दिले नाही.

नंतर काय झाले?

१९४८ मध्ये निवृत्त होऊन ते ब्रिटिश रेल्वेच्या कार्यकारी मंडळावर गेले होते. तिथून परत बोलावून त्यांना इम्पीरियल जनरल स्टाफचे प्रमुख, म्हणजे ब्रिटिश भूदलाचे प्रमुख केले गेले. भारतीय सेनेतून त्या पदावर पोहोचलेले ते पहिले अधिकारी. जानेवारी १९४९ मध्ये फील्ड मार्शल, १९५३ ते १९६० ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल. निधन १४ डिसेंबर १९७०, लंडन.